आईकडून

रावपुऱ्यात चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा,
तो किरीटभाईंनी घरमालकाशी भांडून बसवून घेतलेला.
त्यांचा डावा गुडघा
कॉलेजात असतानाच वाकायचा थांबला.

खोलीत एक फ्रिज. त्यात दूध नाही, कोथिंबीर नाही.
अंगठ्याएवढ्या बाटल्या,
आणि दारावर गुजरातीत चिठ्ठी:
यात पाणी गार करणाऱ्यानं आधी मला भेटावं.

पहिल्यांदा आले तेव्हा निषाद अकरा महिन्यांचा.
रांगायला लागला आणि निळा पडायला लागला,
गुडघ्यांवर, कोपरांवर,
मग बगलेत, बरगड्यांवर,
जिथे जिथे आम्ही त्याला उचललं होतं तिथे तिथे.
सासूबाई काही बोलल्या नाहीत.
नुसत्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

किरीटभाईंनी रजिस्टर उघडलं.
नाव, वय, गाव.
पेन्सिलीनं एक चौकोन काढला, वर एक गोल.
“बेन, आईकडून कोणी?”
मी म्हणाले, नाही. कोणी नाही.
त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नाही.
“मामा? मावशीचा मुलगा?”

तेव्हा मला ती बशी आठवली.
दांडिया बाजारातल्या घरातली, काठ उडालेली,
तिच्यात माझ्या भावाचा दुधाचा दात.
सगळे हसत होते, टाक रे कौलावर म्हणून.
चौथ्या दिवशी त्याच्या उशीचा अभ्रा
धुवायला कोणी घेईना.
जयंता. सहा वर्षांचा.
घरात म्हणायचे, दृष्ट लागली.
आई काहीच म्हणायची नाही.
तिच्याही एका भावाबद्दल
ती काहीच म्हणायची नाही.

मी म्हणाले, भाऊ होता. दातानं गेला.
आणखी एक चौकोन. तो त्यांनी काळा भरला.
मग मला माठातलं पाणी दिलं
आणि म्हणाले,
“चालो, हवे छोकराने जोईए.”

आता रजिस्टर माझ्याकडे. मंगळवार, शनिवार.
कवांटहून नारसिंग राठवा पहाटेच्या एसटीनं येतो,
खांद्यावर नऊ वर्षांचा मुलगा,
मुलाचा घोटा पपईएवढा.
तांदळज्याची शमीम येते जुळ्यांना घेऊन,
एकाला आहे, एकाला नाही,
आणि पडला कोणीही तरी ती दोघांचे कपडे उतरवून बघते.

मी त्यांना शीर शोधायला शिकवते, माझ्या हातावर.
बाटली तळव्यांत फिरवायची, हलवायची नाही,
मांडीवर झोपलेल्याचं डोकं
उशीवर ठेवतो ना आपण, तशी.
बर्फ कुठे लावायचा, शाळेत काय सांगायचं,
कुठला डॉक्टर रात्री फोन उचलतो.
आणि पेन्सिल हातात घेऊन विचारते,
आईकडून कोणी?
पहिल्यांदा प्रत्येकजण नाहीच म्हणते.
मी थांबते.

उत्तरायणाला आम्ही बंद नसतो.
तीनच बाटल्या उरल्यात, वडोदऱ्यातल्या सगळ्या गच्च्या काचेच्या मांज्यानं ओढून धरलेल्या,
आणि फ्रिजचा तो बारीक घर्र आवाज
मी खिडकी लावून ऐकत बसते.
वर आमच्या गच्चीवर आमचीच पोरं,
हातमोजे, साधा दोरा.
साध्या दोऱ्याचा पतंग पहिल्याच पेचात जातो.
पोरं तरी “लपेट, लपेट” ओरडतात,
जणू त्यांनीच कोणाचा कापलाय.

खाली ऋता, माझी मोठी, रजिस्टरमधलं आमचं पान काढून बसलीय.
माझ्या गोलात ठिपका आहे.
आजीच्या गोलात ठिपका आहे, तो मीच दिला,
ती गेल्यावर.
“माझ्यात?”
मी म्हणाले, राहू दे कोरा. तुला हवं तेव्हा जाऊ तपासायला.
तिनं खोडरबराचा चुरा फुंकला
आणि पान उलटलं नाही.

जिन्यात पावलं. निषाद,
तेरा वर्षांचा, रिकामी फिरकी घेऊन.
“सातवा गेला, आई!”
मी हातमोजे काढते, बोटं बघते.
पुन्हा बघते.
मग उंधियूच्या पातेल्यावरचं झाकण काढते.