दुसरा गिअर

हॅलिफॅक्सच्या चढावर
आमची मॉरिस दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायची.
मागची बस हॉर्न वाजवायची नाही,
नुसती वाट पाहायची.
तेच जास्त लागायचं.

शेवटी डेरेकनं कप्पीला साखळी लावून
इंजिन उपसून काढलं.
लोंबकळलं थोडा वेळ,
गळलं माझ्याच बुटावर.
नवं दांडगं, मावेना.
पत्रा ठोकून त्याला जागा केली.

आता चढ कुठे सुरू होतो
तेही कळत नाही.

जुनं मात्र गल्लीच्या तोंडाशीच खोकायचं
आणि शालन चहाचं आधण ठेवायची.
काल दारापाशी गाडी थांबवली,
हात काळे, म्हणून कोपरानं बेल दाबली.
आतून शालननं विचारलं,
कोण आहे —
इंग्रजीत.