वीस किलो

कंपनीचं पत्र आलं: टारगेट पुरं झालं,
तीन रात्री जहाजावर, माणसं दोन, खर्च त्यांचा.
ह्यांनी ते दुकानातल्या काचेखाली सरकवलं
युरियाच्या भावाशेजारी,
आणि फैजपुरात ज्याला त्याला खत घेताना
थोडं थांबून वाचावं लागलं.

मी समुद्र पाहिलेला नाही.
हतनूरचं धरण पाहिलंय, एकेचाळीसही दरवाजे उघडे असताना.
कठड्याशी वाकले तर ह्यांनी दंड धरून मागे ओढलं,
"बुडशीन ना वं!"
मी काही बोलले नव्हते.

पत्रामागे यादी. सुनेने, तेजलने, मोठ्याने वाचली:
एक रात्र सगळ्यांनी पांढरं घालायचं.
एक रात्र कप्तानासोबत जेवण, सूट लागेलच.
पोहण्याचा पोशाख, वरच्या मजल्यावरच्या तलावासाठी.
समुद्रातच चाललोय ना,
मग घरचं पाणी कशाला सोबत?
हे म्हणाले, "मले तं बनियन-लुंगी बास."

पांढरे सदरे ह्यांचे सहा.
माझ्या कपाटात पांढरं काहीच नाही,
कुंकू लावणारी बाई कशाला घेईल?
शेवटी रावेरहून आणली एक, बोटभर निळ्या काठाची.
दुकानदाराने घडी मोडता मोडता दोनदा विचारलं, कुणासाठी?
म्हटलं, जहाजासाठी.

सूट लग्नातला, अठ्ठ्याऐंशीचा.
भुसावळच्या टेलरने कंबर उसवली
तर आत दुमडलेलं दोन बोटं कापड
अजून तेव्हाच्याच रंगाचं.
बाहेरचा सगळा सूट त्याच्यापुढे
उन्हात राहिलेला माणूस वाटला.

मग भरत गेले. काय काय भरलं ते विचारू नका.
बिबडे मोडू नयेत म्हणून सुटाच्या घडीत,
काळ्या मसाल्याची पुडी मोज्यात,
पितळी तांब्या, आणि ह्यांची चादर,
परक्या अंथरुणावर डोळा लागत नाही म्हणून.

विमानाला वीस किलोच चालतात म्हणे.
घरात एवढा मोठा काटा कुठला?
गोदामात नेली बॅग, ढेपेच्या गोण्या तोलतात तिथे.
लुकमान तडवीने चष्मा पुसला:
"भाभी, तेवीस चारशे. वर बारदान धरलं नाही."

चादर काढली. तांब्या काढला. लोणचं काढताना
जीव थोडा खाली-वर झाला.
दोन टॉवेल, जाड शाल, ह्यांचा एक सदरा,
आणि पुन्हा चढवली.
"एकोणीस नऊशे," म्हणाला, आणि चहाला गेला.

ब्लाउजच्या घडीत एक वस्तू होती
जी मी दोन्ही वेळा हलवली नव्हती.
तेजलने मागवलेली, कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय,
गर्द मोरपंखी.
"नका घालू वाटलं तर, आई. पण असू द्या."

तिला काय माहीत,
भालोदला मामाच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर होती.
पाठीला वाळका भोपळा बांधून ढकलली मला मामेभावाने,
चौथ्या दिवशी मीच गाठ सोडली
आणि भोपळा एकटाच तरंगत राहिला.
तळाची माती मुठीत आणून दाखवायचे मी.
बाराव्या वर्षी आईने माझा ओला परकर
दोरीवर टाकला, चिमटा लावला,
आणि म्हणाली, आता पुरे.

ह्यांना सांगायचं राहून गेलं.
लपवलं असं नाही; छत्तीस वर्षांत
पोहण्याचा विषय निघावा असं
आमच्यात पाणीच कुठे होतं?
ह्यांना पोहता येत नाही, हे मात्र मला माहीत आहे.

गोदामात कोणी नव्हतं.
मोरपंखी घडी एकटीच काट्यावर ठेवली.
आकडा शून्य.
थोडी दाबून ठेवली, तरी शून्य.
ढेप तोलून तोलून सवय झालेला काटा,
एवढं हलकं त्याला कळत नसावं.

मग बॅग पुन्हा उघडली आणि ती सुटाच्याही वर ठेवली,
जो कोणी चेन ओढेल त्याच्या
पहिल्यांदा डोळ्यांत भरेल अशी.
लुकमानची चप्पल वाजली.
घाईघाईने तिच्यावर
बिबड्यांची एक पुडी ठेवली.