सात अंश

उद्यमनगरात घरामागे पत्र्याची खोली.
लेथवर गोणपाट टाकलं की उरलेला कोपरा माझा:
सरफेस प्लेट, साइन बार,
आणि लाकडी पेटीत व्हॅसलीन लावून निजवलेले
स्लिप गेज. दोन खाचा रिकाम्या.

भूपालअण्णांना कोनमापक कधी लागला नाही.
डोळा बारीक करायचे. "सात हाय. घाल."
आणि गुऱ्हाळाच्या चरकाची पाचर
बहुतेक बसायची.

मी बहुतेकवर थांबत नाही.
कर्ण शंभर मिलिमीटर, तो बदलत नाही.
सात अंशांचा साइन शाळेच्या तक्त्यात चार घरांवर संपतो,
पाचव्यासाठी लेकीचा कॅल्क्युलेटर.
उंची आली बारा दशांश एक आठ सात.
एक दशांश शून्य शून्य सात,
एक दशांश एक आठ,
वर दहाचा ठोकळा.
पुसून, दाबून, पिळून सरकवले
की तिघांचा एकच होतो,
मध्ये हवेलाही जागा नाही.

आज अण्णांची एक पाचर सापडली,
ग्रीसच्या डब्यात, बहुधा पस्तीस वर्षं.
साइन बारवर चढवली, डायल फिरवला
या टोकापासून त्या टोकापर्यंत:
पन्नास मिलिमीटरला दोन शतांश.

पुन्हा फिरवला. दोनच.
एका अंशाची मिनिटं साठ,
त्यातलं दीडही चुकलं नव्हतं त्यांचं.

हे सांगायला आता कोण आहे?
असते तरी म्हणाले असते,
"मग मोजलंस कशाला, लेका?"

पाचर पुसली. पेटीतल्या रिकाम्या खाचेत ठेवली.
तिरकी बसली.
राहू दिली.