तिसरी खूण

शाळा चौथ्यांदा हलली तेव्हा
फळा सॉ बा ठूच्या पाठीवर होता
आणि हजेरीपट माझ्या लुंगीच्या गाठीत.
सालवीनच्या या काठाला आल्यावर
फळ्याचा रंग उडालेला. टॉर्चचे मेलेले सेल फोडले,
आतली काळी पूड पेजेत कालवून थापली.

आधी खंदक, मग सागाच्या पानांचं छप्पर.
हा क्रम मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ आहे.

विमान आलं की आम्ही मोठ्याने वाचत नाही.
एवढ्या वर त्याला काय ऐकू जाणार!
पण एकदा गप्प बसलो होतो
आणि वाचलो.

हजेरी मात्र रोज. एकोणचाळीस नावं.
आहे त्याच्यापुढे रेघ,
नाही त्याच्यापुढे फुली.
क्लेर मू आईबरोबर रानातून निघाला होता,
त्या रात्रीपासून ना या काठाला, ना त्या.
फुली मारायला हात होईना.
एक वर्तुळ काढलं, लहानसं, पोकळ.
आमच्या लिपीत निम्मी अक्षरं गोलच,
हाताला सवय होती.

मग वर्तुळं वाढत गेली.

पलीकडून मदत संस्थेचा माणूस आला. भला माणूस,
वह्या आणल्या, बूट चिखलात रुतला तरी हसला.
त्याच्या तक्त्यात रकाने दोनच.
"ही अकरा मुलं कशात धरू?"
म्हटलं, धरू नका. सोडूही नका.
त्याने खोडरबर काढला,
जरा वेळ हातात फिरवला,
परत खिशात ठेवला.

आमचं प्रमाणपत्र अलीकडे चालत नाही, पलीकडेही नाही.
नदीच्या मधोमध चालत असेल, मी म्हणते.
मोठ्या मुली हसतात,
दरवर्षी थोड्या कमी.

काल मला हुडहुडी भरली होती.
नऊ वर्षांची एह पो म्हणाली, हजेरी मी घेते.
घोंगडीखालून ऐकत होते.
वर्तुळापाशी आली की ती नाव घ्यायची
आणि थांबायची,
उत्तराला लागेल तेवढा वेळ,
मग पुढे.

क्लेर मूच्या नावाला
मागच्या बाकाकडून कुणीतरी बारीक आवाजात
"आहे" म्हणालं.

मी घोंगडी बाजूला केली नाही.
एह पोने काय खूण केली
ते ताप उतरला की बघेन.