इतिवृत्त

सांगलीच्या वखारभागात, हळदीच्या गोदामावर
आमचं कार्यालय होतं.
फळ्यांच्या फटींतून भुकटी वर यायची,
पावत्या, पत्रकं, ठराव,
चार महिन्यांत सगळं पिवळं.
नेमगोंडा म्हणायचा,
लाल व्हायच्या आधीच आपण पिकलो.

एकोणीस जण होतो.
भांडण पोत्यामागच्या हमालीवरनं नव्हतं.
त्यावर एकमत होतं,
म्हणून तो विषय कुणी काढलाच नाही.
भांडण होतं
क्रांती टप्प्याटप्प्यानं की एका दमात,
आणि रशियात जे चाललंय
त्याला नेमकं म्हणायचं काय.
आमच्यातला सगळ्यांत लांब जाऊन आलेला
बाबालाल शिकलगार. पुण्यापर्यंत.
तेही मुतखड्यासाठी.

रात्री सव्वादोनला हात मोजले.
दहा आणि नऊ.
मी नवांत.
का, ते आता सांगता येत नाही,
बाबालालचा हात आधी वर गेला होता
एवढं आठवतं.

मग वाटण्या.
सायक्लोस्टाइलचा रूळ त्यांना,
दांडा आणि शाईचे डबे आम्हाला.
पुस्तकं एकाआड एक,
कपाटाची किल्ली मात्र दोघांनाही सापडेना.
सतरंजी मधोमध कापायची ठरली,
तर कात्री बोथट.
बाबालालनंच पायरीच्या दगडावर
तिला धार लावून दिली,
दोन्ही बाजूंसाठी,
मान खाली घालून.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे.
शेवटी सवयीनं लिहून गेले,
सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.
दोन्ही गटांनी त्यावर सह्या केल्या.

उजाडताना महादू ऐवळे जिना चढून आला,
खांद्यावर आकडा, भुवयांत हळद.
‘दर काय ठरला?’
दहांतला एक म्हणाला, कळवतो.
नवांतला एक म्हणाला, कळवतो.
तो थोडा वेळ उभा राहिला,
मग कापलेल्या सतरंजीच्या कडेचे लोंबते दोरे
उगाच गाठी मारत बसला.

त्या पावसाळ्यात माझ्या भाच्याचं पत्र आलं,
अमेरिकेतल्या मोटारींच्या कारखान्यांच्या गावाहून.
तिथं तो अकरा जणांच्या संघटनेत होता.
आता सहा आणि पाच, त्यानं लिहिलं होतं,
चीनवरनं फाटलं.
दोन पानं भरून समजावलं होतं
पाच कसे बरोबर.

छापायचं यंत्र कुणाकडे गेलं
ते मात्र लिहायचं राहिलं.
मी उलटटपाली
तेवढंच विचारलं.