पाय रोवू दे

उदगीरच्या मोंढ्यात, बिरादार अण्णांच्या आडतीवर
माझा काटा झोपतो.
म्हणजे काटा नाही, काट्यातली चिप.
दोन सौद्यांच्या मध्ये लॅपटॉप डुलकी घेतो,
तिलाही सोबत झोपवतो,
आणि उठताना एकटाच उठतो.

पडद्यावर तुरीचं वजन: शून्य.
वायर उपसून पुन्हा खोचली की चालतं.
दिवसातून चाळीसदा खोचतात.
पोर्ट ढिला झालाय, अण्णांचा आवाज घट्ट.

एक उपाय मला ठाऊक होता:
तिला झोपूच द्यायचं नाही.
एक ओळ, की विषय मिटला.
पण बारा ते चार लाइट नसते इथं,
आणि बॅटरी अडीचलाच मान टाकते.
नुसतं जागं ठेवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मग पोत्यांच्या आडोशाला मांडी घालून
लॉग वाचत बसले.
ऊठ, म्हणतो ड्रायव्हर.
आणि त्याच दमात: वजन सांग.
ती गप्प.
पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदा विचारतो.
मग मेली असं लिहून मोकळा होतो.

हा ड्रायव्हर मीच लिहिलाय.
मागच्या वर्षी, पुण्यात, एसीत,
एका कोऱ्या चिपवर,
जी हाक मारायच्या आत ओ द्यायची.

तिकडं मैनोद्दीन मामू पाठ वाकवून उभे.
वरून दोघांनी पोतं सोडलं, जरा घाईनंच.
‘आरं थांब की! पाय तर रोवू दे आधी!
मग टाक काय टाकायचं ते.’
पुढं शिवी होती. ती राहू दे.

मी मान वर केली. मग खाली.
आधी वीज. मग तिचं घड्याळ.
मग थांबायचं.
माहितीपत्रकात पाच मिलिसेकंद छापलेत.
पाचला हलली नाही.
दहाला अर्धवट झोपेत बरळली:
रिकामा काटा, एकशे बारा किलो.
अण्णा दिवसभरात पहिल्यांदा हसले,
‘हेच राहू द्या की, ताई.’
पंचवीसला उठली.
पोतं ठेवलं. छप्पन्न किलो दोनशे.
पुन्हा झोपवली, पुन्हा उठवली,
अकरा वेळा. छप्पन्न दोनशे.

बदलाच्या नोंदीत कारण लिहिलं, इंग्रजीत.
खाली एक रकाना असतो: कुणी सुचवलं.
तिथं नावापुढं ईमेल लागतो.
मामूंना विचारलं.
ते म्हणाले, कसला मेल, सरक बाजूला,
धूळ उडायलीय तुझ्या डब्यावर.

रकाना बराच वेळ उघडा ठेवला.
बारा वाजले, लाइट गेली.
लॅपटॉप झोपला, त्याच्या मागं चिप.
खोचायला कुणी हात घातला नाही.