तीन बोटं

आधी वाटलं, कानच दुखतोय.
एसीची हवा थेट उशीवर येते,
म्हणून कापूस घातला, मग लसणीचं तेल,
मोतालेबनं कढईत तापवून दिलेलं.
तोच म्हणाला, भाई, तू रात्री खडी फोडतोस.
आठ बंकांची खोली :
घोरणारे तिघं, झोपेत बोलणारा एक,
आणि मी, दात खाणारा.
सोहारच्या बंदरात रात्रभर कंटेनर उतरतात,
त्या आवाजात माझं कुणाला ऐकू जाईल
असं वाटलं नव्हतं.

मग एका पहाटे बसच्या रांगेत
जांभई अर्ध्यात अडकली.
उघड्या तोंडानं उभा राहिलो,
मागचे हसले, मग हसायचे थांबले.
हनुवटी खाली दाबली, मागे ढकलली,
खट्. मिटलं.
ते मिटलं ते नीट उघडेना.
खुबूस चहात बुडवून खाऊ लागलो.
वैजयंता फोनवर म्हणाली,
हल्ली तोंडातल्या तोंडात बोलताय, काही लपवताय का?
नेटवर्क, म्हणालो.

कानवाल्यानं नळी घालून पाहिलं, कान स्वच्छ.
दुसऱ्यानं डोक्याच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्यानं मानेला पट्टा.
चौथी दातांची. डॉक्टर शम्सा.
तिनं आधी दात पाहिलेच नाहीत.
माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली,
म्हणाली, उघड. हळू. मीट.
बोटांखाली ते टचकन वाजलं
आणि तिनं मान हलवली,
ओळखीच्यानं दार वाजवावं तशी.

इथे सांधा आहे, तिच्या तुटक्या हिंदीत म्हणाली,
खाताना, बोलताना, गिळताना, सुट्टी नसलेला.
मधे नखाएवढी गादी. तुझी पुढे सरकलीय.
कान, कपाळ, मान हे त्याचे शेजारी.
रडतो हा,
आवाज त्यांच्या घरातून येतो.

मग विचारलं, दिवसा दातावर दात किती वेळ असतात?
असतातच की, म्हणालो. कायम.
नसावेत, म्हणाली. घास चावताना, तेवढेच.
एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला.
बेचाळीस वर्षांत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी टाइमकीपर.
दहा तास राबलेल्याच्या नावापुढे आठ लिहितो.
सुपरवायझर पाठीशी उभा असतो,
आधी त्याच्या अत्तराचा वास येतो, मग तो.
मी मूग गिळतो.
गिळायला जबडा लागतो
हे लक्षातच आलं नाही.

कार्डावरचं नाव तिनं दोनदा वाचलं. हणमंत. अर्थ?
हनु म्हणजे जबडा, म्हणालो.
एक पोर फळ समजून सूर्य गिळायला निघालं,
त्याला इथंच मार बसला, त्यावरून.
ती हसली नाही.
खिडकीबाहेर जूनचा सूर्य पांढरा पेटलेला,
त्याच्याकडे बघत म्हणाली,
आणि तू काय गिळत होतास?

काचेसारखा एक साचा, रात्री दातांवर घालायचा.
ऐंशी रियाल, विम्यात बसत नाही.
वीस मोतालेबनं दिले.
ज्याचे रोज दोन तास माझ्या पेनानं जातात,
त्यानंच. मोजून, रबर लावून.
त्या रात्री साचा घालूनही
मी दात खाल्ले.

डॉक्टरनं घरचं माप सांगितलंय :
आरशापुढे उभं राहायचं,
बोटं एकावर एक धरून तोंडात घालायची.
तीन मावली पाहिजेत.
पहिल्या आठवड्यात दीड मावलं.
आज अडीच.

काल मस्टरवर मोतालेबच्या नावापुढे
नऊ लिहिले.
दहा नाही. नऊ.
सुपरवायझरनं अजून पाहिलेलं नाही.
अत्तराचा वास येतोय.
ओठ मिटून,
दात सुटे ठेवून बसलोय.